डबल-एमध्ये .३१० मारणारा मुलगा मेजर लीगमध्ये खेळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत ब्रिजवॉटरजवळ राहता आणि बारा वर्षांच्या मुलाला घेऊन यांकीजच्या डबल-ए बेसबॉल संघाचे, सॉमरसेट पेट्रियट्सचे, सामने बघायला जाता. तिथे आलेल्या एका पाहुण्या संघाचा फर्स्ट बेसमन मुलाच्या मनात भरला आहे. जुलैच्या मध्यापर्यंत त्याची सरासरी .३१० (दर शंभर संधींत ३१ हिट) आणि होम रन, म्हणजे कुंपणापार फटके, चौदा. मुलगा म्हणतो, हा पुढच्या वर्षी मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, असणार. तुमचे ऑफिसमधले मित्र म्हणतात, त्याखालच्या मायनर लीगच्या आकड्यांना काही अर्थ नसतो. खरं कोणाचं, आणि हे काम करणारे लोक ठरवतात तरी कसं?

आकड्यांना अर्थ असतो, भरपूर असतो. फक्त तुमचा मुलगा ज्या दोन आकड्यांवर भाळलाय, ते मी सगळ्यात शेवटी बघतो.

मी नाशिकहून संख्याशास्त्र शिकायला इकडे आलो आणि गेली चौदा वर्षं बेसबॉल संघटनांसाठी मायनर लीगचे खेळाडू बघून अहवाल लिहितोय. पहिली पाच वर्षं संगणकासमोर गेली, नंतरची नऊ बहुतेक होम प्लेटच्या मागच्या खुर्च्यांवर. या कामात 'मुलगा चांगला खेळतोय का' हे कोणी विचारत नाही, ते फलकावर दिसतंच. विचारतात ते असं: आज हा जे करतोय, त्यातलं किती समोरचा पिचर (चेंडू टाकणारा) बदलल्यावर शिल्लक राहील? रणजीत पाटा खेळपट्टीवर द्विशतक ठोकणाऱ्याबद्दल निवड समितीला जो प्रश्न पडतो, तोच हा.

तुमच्यापैकी जे हे पहिल्यांदाच वाचताय त्यांच्यासाठी पायऱ्या सांगतो. २०२१पासून मेजर लीगच्या ३० संघटनांचे प्रत्येकी चार, असे १२० संलग्न संघ आहेत: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याखाली अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कोवळ्या मुलांच्या लीग. सगळ्यात वर ट्रिपल-ए असली, तरी चढायला सगळ्यात अवघड पायरी डबल-एची. खालच्या पातळीवर पिचरचे दोन चेंडू 'बॉल', म्हणजे स्ट्राइकच्या चौकटीबाहेर, पडले की पुढचा फास्टबॉल येणार हे फलंदाजाला जवळजवळ ठाऊक असतं. डबल-एचा पिचर तिथे स्लायडर, म्हणजे शेवटी वळणारा चेंडू, टाकतो आणि तो स्ट्राइकच्या चौकटीतही ठेवतो. नुसत्या ताकदीवर वर आलेले कितीतरी जण इथेच अडकतात.

अहवालात नावानंतर मी जन्मतारीख लिहितो. डबल-एमधला सर्वसाधारण खेळाडू तेवीस-चोवीस वर्षांचा असतो. तिथे एकोणीस वर्षांचा पोरगा .२६० मारत असेल तर मी चार तास गाडी चालवून त्याला बघायला जातो. सव्वीस वर्षांचा .३१० मारत असेल तर आधी बाकीचे आकडे मागवतो. दहावीच्या मुलाने सातवीचा पेपर नव्वद टक्क्यांनी सोडवला तर त्याच्या हुशारीबद्दल फारसं काही कळत नाही. सातवीच्या मुलाने दहावीचा पेपर साठ टक्क्यांनी सोडवला तर खूप कळतं.

रोनाल्ड अकून्याचं २०१७ हे वर्ष मी नव्या मुलांना शिकवताना नेहमी घेतो. एकोणीस वर्षांचा हा पोरगा एकाच हंगामात हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए चढला, आणि सरासरी .२८७, मग .३२६, मग .३४४. पिचर कठीण होत गेले तसा हा सुधारत गेला. पुढच्या वर्षी तो मेजर लीगमध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. आता दुसऱ्या टोकाला मायकल जॉर्डन घ्या. १९९४ मध्ये तो बर्मिंगहॅम बॅरन्सकडून याच डबल-ए पातळीवर १२७ सामने खेळला: सरासरी .२०२, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) ११४. लोक हसले. मला मात्र ते आकडे आजही कौतुकाचे वाटतात, कारण शाळेनंतर बॅट हातात न घेतलेला माणूस थेट या पातळीवर उभा राहिला होता. पण त्याचं वय एकतीस होतं. कर्व्हबॉल ओळखायला शिकायला जी पाच-सहा वर्षं लागतात ती त्याच्याजवळ नव्हती.

वयाच्या खालोखाल स्ट्राइकआउट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं अर्धं काम याच एका रकान्यात आहे.

सरासरी फसवते. चेंडू बॅटला लागून मैदानात पडला की तो हिट होईल की झेल, यात नशिबाचा, क्षेत्ररक्षकांचा आणि मैदानाचा वाटा मोठा असतो. मेजर लीगमध्ये असे साधारण तीस टक्के चेंडू हिट होतात. मायनर लीगमध्ये एखाद्याचे दोन-तीन महिने चाळीस टक्के पडू शकतात आणि त्याची सरासरी फुगते. स्ट्राइकआउटमध्ये मात्र क्षेत्ररक्षक नाही आणि मैदानही नाही, पिचर आणि फलंदाज एवढेच. त्यामुळे हा आकडा लवकर स्थिरावतो आणि पुढच्या पातळीवर बराचसा तसाच सोबत जातो, बहुतेक वेळा वाढूनच.

२००५ मध्ये ब्रँडन वुड नावाच्या वीस वर्षांच्या शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) मायनर लीगमध्ये ४३ होम रन मारले. वय कमी, जागा अवघड, ताकद अफाट. देशातल्या अव्वल होतकरू खेळाडूंमध्ये त्याचं नाव आलं. पण ते होम रन हाय-ए पातळीच्या कॅलिफोर्निया लीगमधले होते आणि ती लीग तेव्हा फलंदाजांना फारच धार्जिणी होती. पुढच्या वर्षी डबल-एमध्ये त्याचे स्ट्राइकआउट दीडशेच्या आसपास गेले. मेजर लीगमध्ये तो २७२ सामने खेळला: सरासरी .१८६, होम रन १८. अकून्याचे स्ट्राइकआउट २०१७ मध्ये हाय-एला सुमारे ३२ टक्के होते, डबल-एला २३ आणि ट्रिपल-एला २० झाले. वयाने दोघंही लहान, ताकद दोघांकडे. फरक याच रकान्यात होता.

आकडा एवढंच सांगतो की मुलगा चुकतोय. तो का चुकतोय, हे बघायला मैदानावर जावं लागतं. मायनर लीगमध्ये आता एकाच संघाशी मंगळवार ते रविवार सलग सहा सामने होतात, आणि ही आमच्या कामासाठी फार चांगली सोय आहे. काही वर्षांपूर्वी सॉमरसेटच्याच ईस्टर्न लीगमध्ये मी एका डावखुऱ्या आउटफिल्डरला असा आठवडाभर पाहिला. वय एकवीस, सरासरी .२३८. मंगळवारी दोन स्ट्राइक झाल्यावर पिचरने स्लायडर आत, त्याच्या मागच्या पायाशी जमिनीत टाकला. याने बॅट घातली आणि चेंडूवरून अर्धा फूट हुकला. तिसऱ्या डावात तोच चेंडू, तसाच बाद. पाहुण्या संघाने हे हेरलं होतं. बुधवारी त्याच चेंडूला त्याचे हात निघाले आणि मध्येच थांबले. पुढचा गुडघा लटपटला, अंपायरने चेंडू बॉल दिला. गुरुवारी त्याने असे दोन स्लायडर कसेबसे फाउल केले आणि मग वॉक घेतला, म्हणजे चार बॉल मिळवून फुकट फर्स्ट बेस गाठला. शनिवारी पिचरचा हातखंडा चेंडू त्याने पाय न हलवता सोडला. आता पिचरला फास्टबॉल टाकणं भाग होतं, आणि तो उजव्या कुंपणावर जाऊन आदळला. सहा दिवसांत त्याची सरासरी .२३८ची .२३५ झाली. मी अहवालात त्याची श्रेणी वाढवली. दोन वर्षांनी तो मेजर लीगमध्ये आला आणि अजून खेळतोय.

वर गेल्यावर प्रत्येकाची उणीव सापडते. मेजर लीगच्या संघांकडे प्रत्येक चेंडूची नोंद असते, आठवड्याभरात ते तुमची दुखरी जागा शोधतात. आरॉन जजसारखा फलंदाजसुद्धा २०१६ मध्ये वर आला तेव्हा ८४ अ‍ॅट-बॅट्समध्ये ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला, सरासरी .१७९. हिवाळ्यात त्याने स्विंगवर काम केलं आणि २०१७ मध्ये ५२ होम रन मारले. म्हणून उणीव दिसली की मी लगेच फुली मारत नाही. उणीव सापडल्यानंतर हा किती दिवसांत बदलतो, ते मोजतो.

मैदान आणि लीग यांचं गणित सोपं आहे, त्यामुळे पटकन सांगतो. अल्बुकर्की पाच हजार फुटांहून उंचावर आहे, हवा विरळ, चेंडू लांब जातो. तिथले होम रन मी मनातल्या मनात कमी करतो. फ्लोरिडात हवा जड आणि मैदानं मोठी, तिथे उलटं. चेंडूसुद्धा महत्त्वाचा: २०१९ मध्ये ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचा चेंडू वापरायला सुरुवात झाली आणि त्याच हंगामात होम रनची संख्या एकदम उसळली. मुलं तीच होती.

आता जागेबद्दल, कारण तुमचा हिरो फर्स्ट बेसवर उभा राहतो. शॉर्टस्टॉप किंवा कॅचर उत्तम क्षेत्ररक्षण करत असेल तर मेजर लीग त्याची .२४० सरासरी आनंदाने चालवून घेते. सॉमरसेटहूनच वर गेलेला अँथनी व्होल्पी बघा. २०२३ मध्ये यांकीजकडून पहिल्या हंगामात त्याने .२०९ मारले, तरी शॉर्टस्टॉपला गोल्ड ग्लोव्ह (सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा पुरस्कार) मिळवून जागा राखली. फर्स्ट बेसमनला ही सवलत नाही. त्याने फलंदाजीवरच पोट भरायचं. शिवाय थर्ड बेसवरून, आउटफिल्डमधून, कुठूनही हळू झालेला चांगला फलंदाज शेवटी फर्स्ट बेसवर येतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या आवडत्या खेळाडूची स्पर्धा इतर फर्स्ट बेसमनशी आहेच, आणि बाकीच्या जागांवरून सरकत येणाऱ्या सगळ्यांशीही आहे.

हे सगळं आम्ही २० ते ८० या मोजपट्टीवर लिहितो. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, २० तळ, ८० क्वचित कोणाला. फटक्याची अचूकता, ताकद, वेग, फेक आणि क्षेत्ररक्षण, प्रत्येकाला वेगळी श्रेणी: आजची एक आणि पुढे होऊ शकेल ती एक. वेगाला घड्याळ असतं. उजव्या हाताचा फलंदाज होम प्लेटवरून फर्स्ट बेसला ४.३ सेकंदांत पोचला की ५०. ताकदीसाठी आता चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला हे मोजता येतं. आजच्या आणि उद्याच्या श्रेणीतलं अंतर मात्र कुठलंही यंत्र देत नाही, आणि माझ्या जास्तीत जास्त चुका तिथेच झाल्या आहेत. एका ठेंगण्या सेकंड बेसमनला मी सगळीकडे ४५ आणि ५० देऊन राखीव खेळाडू ठरवलं. त्याची बॅट हुकवणं जवळजवळ अशक्य होतं, हे माझ्याच वहीत लिहिलेलं होतं, पण त्याचं वजन मी ओळखलं नाही. तो आज एका संघाचा नियमित खेळाडू आहे. तेव्हापासून चेंडूला बॅट लावण्याच्या श्रेणीत मी हात आखडता घेत नाही.

अशा चुका या धंद्यात सगळ्यांच्याच झाल्या आहेत. होजे अल्टूवेला व्हेनेझुएलातल्या चाचणीतून उंचीमुळे घरी पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी परत आला, १५,००० डॉलरवर करार झाला आणि २०१७ मध्ये तो एमव्हीपी (लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू) ठरला. अल्बर्ट पुहोल्सला १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) तेराव्या फेरीत, ४०२व्या क्रमांकावर घेतलं. त्याने ७०३ होम रन मारले. मुकी बेट्सने २०१२ मध्ये लोवेलला, मायनर लीगच्या खालच्या पातळीवर, ७१ सामन्यांत एकही होम रन मारला नव्हता, पण त्याचे वॉक आणि स्ट्राइकआउट जवळपास सारखे होते. एकोणीस वर्षांच्या पोराला कुठला चेंडू सोडायचा ते आधीच कळत होतं. ताकद नंतर आली. आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या पिचर मार्क अ‍ॅपलला मेजर लीगमध्ये पहिला चेंडू टाकायला २०२२ उजाडलं.

पिचरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मुलगा विचारेलच म्हणून दोन शब्द. ताशी ९८ मैल आता डबल-एमध्येही दिसतात. मी बघतो की ९८ ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे दुसरा आणि तिसरा चेंडू आहे का, डावऱ्या फलंदाजासाठी काही आहे का, आणि पाचव्या डावात वेग किती उरतो. दोनच चेंडू असतील तर तो बहुधा एका डावाचा रिलीव्हर (मध्येच बदली येणारा पिचर) होतो. तेही पोटापाण्याचं चांगलं काम आहे. शिवाय हात कधी दगा देईल याचा नेम नाही. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि मेजर लीगच्या पायरेट्स संघाने त्यांना करारबद्ध केलं. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. रिंकू तीन वर्षांत सिंगल-एला पिच करत होता, ही केवढी मोठी मजल आहे हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. मग दुखापतींनी त्याची वाट अडवली. उलट जेकब डीग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता, नवव्या फेरीत निवडला गेला, त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली, पंचविसाव्या वर्षी मेजर लीगला पोचला आणि पुढे दोनदा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, जिंकला. पिचरच्या बाबतीत वयाचा नियम मी बराच सैल ठेवतो तो यामुळे.

आणखी एक गोष्ट आहे जिच्यावर खेळाडूचा काहीच ताबा नसतो. वर जागा हवी. मेजर लीग संघाच्या चाळीस जणांच्या यादीत नाव असल्याशिवाय कोणी खेळू शकत नाही. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार केलेल्याला पाच हंगामांनंतर आणि त्याहून मोठ्याला चार हंगामांनंतर त्या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर 'रूल ५' ड्राफ्टमध्ये दुसरा संघ उचलू शकतो. त्यामुळे नोव्हेंबरात संघ मनातलं बोलतो: ज्याला यादीत घेतलं, त्याच्यावर विश्वास आहे. आणि पैशाचं अंतर बघा. २०२३च्या करारानुसार डबल-एच्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ३०,२५० डॉलर, त्याच वर्षी मेजर लीगचा किमान ७,२०,०००. ही मुलं दुपारी दोन वाजता मैदानावर येऊन रात्री अकराला बसमध्ये का बसतात, ते यातून समजेल.

तर आता तुमच्या मुलाच्या हिरोकडे. मी त्याचे आकडे बघितले. पुढच्या महिन्यात पंचवीस पूर्ण होतील. डबल-एमध्ये दुसरं वर्ष. स्ट्राइकआउट २९ टक्के, वॉक सातच्या आसपास. मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी ३९ टक्के हिट झालेत, म्हणजे .३१० मधले बरेच गुण उधारीचे आहेत. उजव्या हाताचा, फर्स्ट बेसवर. ताकद खरी आहे, ती कोणी काढून घेणार नाही. आज मला अहवाल लिहायला सांगितला तर मी लिहीन: ट्रिपल-ए नक्की गाठेल, कोणी जखमी झालं तर काही आठवडे वर दिसेल, नियमित खेळाडू होण्याची आशा कमी. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला तर नाहीच. टक्केवारी मी देत नाही. एका मुलाच्या बाबतीत ती अचूकतेचा नुसता आभास असतो.

पण ही वाट बंद नाही, आणि तुमच्या मुलाला हे जरूर सांगा. पॉल गोल्डश्मिड आठव्या फेरीतला, उजव्या हाताचा फर्स्ट बेसमन. २०१० मध्ये हाय-एला त्याचे १६१ स्ट्राइकआउट झाले होते आणि बऱ्याच जणांनी त्याच्याबद्दल हेच लिहिलं जे मी वर लिहिलं. २०११ मध्ये मोबीलला, डबल-एमध्ये, १०३ सामन्यांत ३० होम रन आणि स्ट्राइकआउट ९२. पातळी वाढली आणि चुका कमी झाल्या. ऑगस्टमध्ये अ‍ॅरिझोनाने त्याला ट्रिपल-ए न खेळवता थेट वर बोलावलं, आणि २०२२ मध्ये तो एमव्हीपी झाला.

म्हणून हा संघ पुन्हा सॉमरसेटला आला तर होम प्लेटच्या मागची, जाळीजवळची दोन तिकिटं घ्या आणि मुलाच्या हातात वही द्या. होम रन लिहायचे नाहीत. तीन रकाने पुरे: दोन स्ट्राइक झाल्यावर खाली जमिनीकडे जाणारा चेंडू किती वेळा आला, याने बॅट किती वेळा घातली, किती वेळा सोडला. शक्य असेल तर मंगळवारी एकदा जा आणि शनिवारी एकदा, म्हणजे मधल्या दिवसांत पिचर शहाणे झाले की हा, तेही दिसेल. भरलेली पानं मला पाठवा. मी ती माझ्या वहीशेजारी ठेवून बघेन आणि माझं मत बदललं तर तुमच्या मुलाला तसं लिहून कळवेन.